पहिल्या दरवाजाची हालचाल अठराव्यापर्यंत कशी न्यायची: कॉपी, संदर्भ, चॉप की फाइल?

जायकवाडीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की पैठणला माणसं पाणी बघायला जातात. ज्यांनी दुष्काळात टँकरची वाट पाहिलेली आहे, त्यांना ते पांढरं फेसाळ पाणी नुसतं बघण्यातच समाधान असतं. माजलगावच्या एका मुलाने हेच दृश्य हुदिनी या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करायला घेतलं. धरणाचे दरवाजे २७. त्यातले १८ नियमित आणि ९ आपत्कालीन. त्याने नियमित १८ घेतले, पहिल्या दरवाजाला कीफ्रेम (कोणत्या फ्रेमला तो किती उचललेला असेल ते ठरवणाऱ्या खुणा) दिल्या, दरवाजा झकास वर गेला आणि गाडी तिथेच अडली. त्याने फोन केला, "ताई, आता हीच हालचाल बाकीच्या सतरांना कॉपी करू का? का चॉप शिकावंच लागेल?"

फोनवर मी त्याला घाईत काहीतरी सांगितलं, पण ते उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. प्रोसिजरल कामात, म्हणजे नोड नावाचे छोटे डबे एकमेकांना जोडून केलेल्या कामात, एका नोडमधलं अॅनिमेशन चॅनेल दुसऱ्या नोडमध्ये नेण्याच्या चार-पाच वाटा आहेत. पहिल्या दिवशी कोणत्याही वाटेने गेलं तरी पडद्यावर सारखंच दिसतं. फरक कळतो तो आठवड्यानंतर, कुणीतरी बदल सांगितल्यावर. म्हणून या वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघू. उदाहरण धरणाचंच घेऊ, आणि सोयीसाठी दरवाजा सरळ वर उचलला जातो असं धरू. म्हणजे हालचालीचं चॅनेल एकच, टीवाय, वर-खाली सरकण्याचं.

चॅनेल म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. नोडवरच्या एखाद्या पॅरामीटरला, म्हणजे बदलता येणाऱ्या आकड्याला, कीफ्रेम दिली किंवा त्यात एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र, लिहिलं की तो नुसता आकडा राहत नाही, वेळेनुसार बदलणारी ओळ होते. ती ओळ म्हणजे चॅनेल, आणि ती दुसरीकडे कशी पोहोचवायची हा आपला प्रश्न. चॉप म्हणजे चॅनेल ऑपरेटर, अशा ओळींवरच काम करणारे हुदिनीतले नोड.

कॉपी आणि संदर्भ

कॉपी-पेस्ट सगळ्यांना येतं. पहिल्या दरवाजाच्या कीफ्रेम उचलायच्या आणि दुसऱ्यावर डकवायच्या. दुसऱ्या दरवाजाची ओळ आता त्याची स्वतःची झाली, पहिल्याशी तिचं नातं संपलं. हंड्याने पाणी भरून आणावं तसं हे आहे. विहिरीत नंतर काय होतं, त्याचा घरातल्या हंड्याशी संबंध नाही.

संदर्भाचं तसं नसतं. पहिल्या दरवाजाच्या टीवायवर उजवं क्लिक करून पॅरामीटर कॉपी करायचा आणि दुसऱ्यावर 'पेस्ट रिलेटिव्ह रेफरन्सेस' म्हणायचं. हुदिनी तिथे सीएच नावाचं फंक्शन लिहून देतं आणि कंसात वाट देतं: एक पायरी वर जा, गेट१ नावाच्या नोडमध्ये शिर, त्याचा टीवाय वाच. दुसऱ्या दरवाजाकडे स्वतःची ओळ राहतच नाही, तो प्रत्येक फ्रेमला पहिल्याला विचारतो. हा पाट झाला. वर पाणी वाढलं की खाली वाढतं.

मी स्वतः कॉपीचा मार्ग एकदा धरला होता. इथे संभाजीनगरात एका प्रदर्शनासाठी धरणाचीच छोटी फिल्म होती. १८ दरवाजे, प्रत्येकाला चार कीफ्रेम, म्हणजे ७२ कीफ्रेम. दरवाजे मी चार फूट उचलले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, सुरुवातीला दरवाजे एवढे उचलत नाहीत. अर्धा फूट उचलतात, मग आवक बघून वाढवतात." अगदी बरोबर होतं त्यांचं. बातम्यांतही तसंच येतं. मी रात्री बसून आकडे बदलले, त्यात सातवा आणि बारावा दरवाजा राहून गेला. रेंडर होऊन फिल्म गेल्यावर लक्षात आलं की सोळा दरवाजे अर्धा फूट उघडतात आणि उरलेले दोन मात्र चार फूट. संदर्भ दिले असते तर एक आकडा बदलायचा होता. ती फिल्म ज्यांनी पाहिली त्यांना कदाचित कळलंही नसेल. मला मात्र ती अजून बघवत नाही.

मग कॉपी कधीच करू नये का? करावी, जेव्हा नातं तुटणंच हवं असतं. समज, अठरापैकी एक दरवाजा मधेच अडकतो असं दाखवायचं आहे. त्याला पहिल्याची ओळ सुरुवात म्हणून द्यावी आणि पुढे हाताने मोडावी. संदर्भ असलेल्या पॅरामीटरमध्ये हाताने कीफ्रेम बसवत बसलास तर संदर्भही धड राहत नाही आणि हालचालही.

संदर्भाच्या वाटेवर तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, रिलेटिव्ह वाट नोडच्या जागेवर अवलंबून असते. नोडचं नाव बदललंस तर हुदिनी सहसा वाट स्वतः दुरुस्त करतं. पण दरवाजाचा नोड उचलून वेगळ्या सबनेटमध्ये (नोड एकत्र ठेवायच्या डब्यात) नव्याने डकवलास तर 'एक पायरी वर' या शब्दांचा अर्थच बदलतो. वर गेट१ नसेल तर निदान चूक दाखवली जाते. वर दुसराच कुठला गेट१ असेल तर चूकही दिसत नाही, फक्त हालचाल भलतीच होते.

दुसरं, वर्तुळ. गेट१ वाचतो गेट२ ला आणि गेट२ वाचतो गेट१ ला, असं झालं की हुदिनी 'इन्फिनिट रिकर्शन' म्हणून थांबतं. दोन नोडमध्ये हे चटकन दिसतं, सहा नोडच्या साखळीत दिसत नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे. पहिल्या दरवाजाला मालक करायचंच नाही. एक रिकामा नल नोड घ्यायचा, त्यावर 'उचल' नावाचा पॅरामीटर बनवायचा, कीफ्रेम तिथे द्यायच्या आणि अठराही दरवाजांनी त्यालाच विचारायचं. मग कुणी कुणाला विचारतंय हा गोंधळ राहत नाही.

तिसरं जास्त महत्त्वाचं आहे. साधा सीएच फक्त आत्ताची किंमत देतो. १८ दरवाजे एकाच क्षणी उचलले गेले तर ते खोटं दिसतं. एकामागून एक उघडायला हवेत. इथे बरेच जण संदर्भ सोडून चॉपकडे धावतात, त्याची गरज नाही. सीएचएफ नावाचं भावंड फंक्शन आहे, ते सांगितलेल्या फ्रेमची किंमत देतं. चालू फ्रेममधून आठ वजा केले की आठ फ्रेम उशिराची हालचाल मिळते. आणि ओपीडिजिट्स हे फंक्शन नोडच्या नावातला आकडा काढून देतं. म्हणजे गेट७ ला स्वतःचा क्रमांक सात आहे हे कळतं आणि तो सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ फ्रेम मागची किंमत वाचतो. एकच एक्स्प्रेशन अठराही दरवाजांत जसंच्या तसं चालतं. अठरावा दरवाजा १३६ फ्रेम मागे राहतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पावणेसहा सेकंदांना थोडं कमी. डोळ्याला हा वेग बरा वाटतो. पहिल्या कीफ्रेमच्या आधीची किंमत विचारली तर मूळ ओळ पहिल्या कीफ्रेमवरच थांबलेली असते, त्यामुळे सुरुवातीला झटकाही बसत नाही.

तर दरवाजांपुरतं उत्तर झालं: नल नोड, सीएचएफ, ओपीडिजिट्स. त्याला चॉपची गरज नाही.

संदर्भ आणि चॉप

पण त्या मुलाच्या फिल्ममध्ये पुढे नांदेडही आहे. त्याला दाखवायचंय की पैठणला पाणी सुटलं की गोदावरी शहागड, गंगाखेड करत नांदेडच्या घाटापर्यंत कशी चढते. आणि चॉपची खरी गरज मला इथे पटली.

नांदेडच्या घाटावरची पातळी, धरणाचा दरवाजा आत्ता किती उघडा आहे यावर ठरत नाही. तो गेले कितीतरी तास किती उघडा होता, यावर ठरते. दरवाजा झटक्यात बंद केला तरी घाटावरचं पाणी झटक्यात उतरत नाही. दरवाजा पायरीपायरीने उघडला तरी खाली पायऱ्या दिसत नाहीत, चढ दिसतो. म्हणजे खालच्या नोडला वरच्या नोडची एक किंमत पुरत नाही, मागचा सगळा प्रवास लागतो. सीएच विचारतो, 'आत्ता किती?' सीएचएफ विचारतो, 'अमुक फ्रेमला किती?' चॉपच्या हातात मात्र सगळी ओळ असते. निवड करताना मी हाच प्रश्न आधी विचारते: घेणाऱ्या नोडला एक क्षण हवा आहे की मागचा सगळा काळ?

चॉप नेटवर्कमध्ये काम असं चालतं. 'फेच चॅनेल्स' नोड दुसऱ्या नोडच्या पॅरामीटरवरची हालचाल चॉपमध्ये आणतो. नाव जवळचं असलेला नुसता 'फेच' नोड वेगळा, तो इतर चॉप नोडमधली चॅनेल आणतो. नवशिके या दोघांत हमखास गोंधळतात, कारण चुकीचा घेतला तरी तो रिकामा बसून राहतो, ओरडत नाही. आणलेल्या ओळीवर मग शिफ्ट लावला की ती पुढे सरकते. लॅग लावला की ती हळू चढते, हळू उतरते. स्प्रिंग लावला की थांबताना हेलकावते. फिल्टर लावला की खडबड जाते. आपल्या नदीला शिफ्ट आणि लॅग पुरतात. दरवाजावर लोंबणाऱ्या साखळीला स्प्रिंग. नुसत्या एक्स्प्रेशनने लॅग लिहायचा प्रयत्न मी केलेला आहे. दहा मागच्या फ्रेमची सरासरी घेऊन काहीतरी जमतं, पण ते लिहायला लांब, वाचायला अवघड आणि बदलायला त्याहून अवघड.

आणखी एका ठिकाणी चॉप सरस ठरतं, एकूण विसर्गाला. अठरा दरवाजांची उघडझाप एकत्र करून पाण्याच्या लोटाची जाडी ठरवायची आहे. एक्स्प्रेशनमध्ये अठरा सीएच अधिकचं चिन्ह देत लिहावे लागतील. चॉपमध्ये अठरा चॅनेल एका मॅथ नोडमध्ये जातात आणि बेरीज होऊन एक बाहेर येतं. उद्या आपत्कालीन ९ दरवाजेही दाखवायचे ठरले तरी मॅथ नोडला हात लावावा लागत नाही.

याची किंमत काय? चॉपमध्ये शिरताना कीफ्रेम मागे राहतात. वक्राचे हँडल, त्यांचा उतार, सगळं जातं आणि उरतात ते नमुने, ठरावीक अंतराने मोजलेले आकडे. बहुतेक वेळा सेकंदाला जितक्या फ्रेम तितकेच नमुने असतात. सावकाश उचलणाऱ्या दरवाजाला हे पुरतं. पण दोन फ्रेमच्या मधेच घडून जाणारा धक्का असेल तर तो नमुन्यांत सापडतच नाही. तेव्हा सॅम्पल रेट वाढवायचा, म्हणजे स्मृती आणि वेळ दोन्ही जास्त.

मोजणीचा एक घोळ तर प्रत्येकाला एकदा भोवतो. हुदिनीत टाइमलाइन फ्रेम १ पासून सुरू होते आणि फ्रेम १ ला वेळ शून्य सेकंद असते. चॉपमधल्या नमुन्यांची मोजणी मात्र शून्यापासून. म्हणजे शून्यावा नमुना हा पहिल्या फ्रेमचा. हे डोक्यात नसलं की सगळी हालचाल एका फ्रेमने पुढे-मागे होते. दरवाजा आणि पाणी यांच्यात एका फ्रेमचा फरक पडला तर पाणी बंद दरवाजातून निघाल्यासारखं दिसतं, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

दुसरी खबरदारी ओळीच्या टोकांची. चॉपमधल्या ओळीला सुरुवात आणि शेवट असतो. १ ते २४० फ्रेमची ओळ शिफ्टने शंभर फ्रेम पुढे सरकवली तर पहिल्या शंभर फ्रेमला काय दाखवायचं? याचं उत्तर एक्स्टेंड नोड ठरवतो. होल्ड म्हणजे टोकाची किंमत धरून ठेव, सायकल म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, मिरर म्हणजे उलट, स्लोप म्हणजे त्याच उताराने पुढे. नदीसाठी होल्डच हवा. सायकल राहिला तर दरवाजा उघडायच्या आधीच घाट बुडालेला दिसेल. मिरर मागेपुढे झुलणाऱ्या गोष्टींना छान, उदाहरणार्थ नावाड्याचं वल्हं.

कोनांचा मुद्दा मी जरा सविस्तर सांगते, कारण फसलेल्या फाइल घेऊन जी मुलं येतात त्यांच्यात हा सगळ्यात जास्त दिसतो. आपल्या संभाजीनगरची पाणचक्की घे. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतं, चाक फिरतं आणि त्याच आसावरचा वरचा दगड फिरून दळण होतं. मधे दाते-चाकं नाहीत. चाक जितकं फिरेल तितकाच दगड. म्हणजे दगडाला साधा सीएच पुरतो, गुणाकारसुद्धा नको. आता कुणी चाकाला ० ते ३६० अंश कीफ्रेम देऊन ते चक्राने पुन्हा पुन्हा चालवलं आणि पिठावरच्या चाळणीला लॅग दिला. ३६० वरून ० वर येताना चाक जिथे होतं तिथेच असतं, डोळ्याला काही कळत नाही. पण लॅगला फक्त आकडे दिसतात. त्याच्या दृष्टीने किंमत ३६० ने कोसळली, म्हणून तो चाळणीला उलट्या दिशेने सगळा फेरा फिरवून आणतो. उपाय असा की कोन कधी शून्यावर आणायचाच नाही. फ्रेमला ३ अंश दिले की सेकंदाला ७२, पाच सेकंदांत एक फेरा, आणि कोन ३६०, ७२०, १०८० असा वाढतच राहील. फिरण्याची ओळ चॉपमध्ये नेण्याआधी ती अखंड चढती आहे का, एवढं अॅनिमेशन एडिटरमध्ये बघून घ्यावं. पॅरामीटरवर शिफ्ट दाबून क्लिक केलं की तो उघडतो.

चॉपमधून परत आणताना

ओळ चॉपमध्ये घडवली, आता ती नदीच्या नोडपर्यंत आणायची. इथे पुन्हा दोन रीती.

एक, घेणाऱ्याने वाचायचं. नदीच्या पॅरामीटरमध्ये चॉप नावाचं फंक्शन लिहायचं आणि चॅनेलची वाट द्यायची. दोन, देणाऱ्याने ढकलायचं. चॉप नोडचा नारिंगी एक्स्पोर्ट ध्वज लावला की त्याची चॅनेल नावं जुळतील त्या पॅरामीटरवर जाऊन बसतात, मूळ किंमत झाकली जाते.

मी पहिली रीत निवडते, आणि शिकणाऱ्यालाही तीच सांगते. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला, मग तो तू असशील किंवा दुसरा कुणी, नदीच्या पॅरामीटरवर क्लिक केलं की पाणी कुठून येतंय ते लिहिलेलं दिसतं. एक्स्पोर्टमध्ये तेच पॅरामीटर कुणीतरी बाहेरून धरून ठेवलेलं असतं. हाताने बदलायला जावं तर ते हलत नाही, आणि धरणारा नोड कुठल्या नेटवर्कमध्ये आहे ते शोधत बसावं लागतं. चॅनेलच्या नावात एक अक्षर चुकलं तर काहीच होत नाही, चूकही नीट कळत नाही. तरी शेकडो चॅनेल एकदम न्यायची असतील, उदाहरणार्थ सांगाड्याच्या सगळ्या हाडांची हालचाल, तर प्रत्येकात एक्स्प्रेशन लिहिणं शहाणपणाचं नाही. तिथे एक्स्पोर्टच. आणि ध्वज काढला की सगळं मूळ किमतीवर येतं, तपासणीला ही सोय मोठी आहे.

चॉपची नुसती भीती वाटत असेल तर मोशन एफएक्सच्या दारातून आत ये. पॅरामीटरवर उजवं क्लिक, त्या यादीतून लॅग किंवा नॉइज निवडायचं. हुदिनी मागे स्वतः चॉप नेटवर्क बांधून जोडून देतं. मग ते उघडून त्यात काय काय आहे ते वाचायचं. मी चॉप असंच शिकले.

फाइलची वाट

इथवर सगळं एकाच सीनमध्ये होतं. पण एकाच्या फाइलमधलं चॅनेल दुसऱ्याच्या फाइलमध्ये जायचं असेल, किंवा चॉपचं जड नेटवर्क दर वेळी नव्याने मोजायचं नसेल, तर ओळ फाइलमध्ये लिहून ठेवणं चांगलं. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. अर्ध्या तासाची मोजणी चालू असताना लाइट जाणं आणि मोजलेली ओळ आधीच डिस्कवर असताना जाणं, यात फार फरक आहे.

हुदिनीत यासाठी दोन घराणी आहेत. डॉट चॅन ही नुसत्या आकड्यांची तक्ता-फाइल: प्रत्येक फ्रेमला एक ओळ, प्रत्येक चॅनेलला एक रकाना. नावं नसतात. कोणता रकाना कशाचा हे कागदावर लिहून ठेवलं नाही तर चार दिवसांनी टीएक्स (सरकणं) कोणता आणि आरएक्स (फिरणं) कोणता ते आठवत नाही. पण ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, आणि न्यूकसारखं कंपोझिटिंगचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्याची हालचाल या साच्यात देतं-घेतं. न्यूकच्या फाइलमध्ये पहिला रकाना फ्रेम क्रमांकाचा असतो, तो हालचाल समजून वापरला की कॅमेरा दर फ्रेमला एक मीटर चालत सुटतो. डॉट क्लिपमध्ये चॅनेलची नावं, सॅम्पल रेट, सुरुवात सगळं सोबत जातं. डॉट बीक्लिप हे तिचंच बायनरी रूप, आकाराने लहान, पण डोळ्याने वाचता येत नाही. हुदिनी ते हुदिनी असेल तर क्लिप घ्यावी, बाहेर जायचं असेल तर चॅन.

अलेंबिक, एफबीएक्स आणि यूएसडी या इतर फाइल-साच्यांची तुलना हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच की अलेंबिकमध्ये भाजलेले, म्हणजे फ्रेमागणिक मोजून ठेवलेले, नमुने जातात, कीफ्रेम नाहीत. पुढच्या माणसाला वक्र हाताने बदलायचा असेल तर एफबीएक्स जास्त उपयोगी. आणि मापाचं भान ठेवायचं. हुदिनीत एक एकक म्हणजे एक मीटर धरतात, माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सहसा सेंटिमीटर. आपला अर्धा फूट म्हणजे हुदिनीत ०.१५ आणि तिकडे १५. शिवाय हुदिनीत वरची दिशा वाय, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झेड. टीवाय म्हणून पाठवलेली उचल नुसते आकडे म्हणून तिकडे गेली तर दरवाजा वर जाण्याऐवजी मागे सरकेल.

हुदिनी नसेल तर

घरचा संगणक साधा असला तर बहुतेक जण ब्लेंडरवर असतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. ब्लेंडरमध्ये संदर्भाचं काम ड्रायव्हर करतो: 'कॉपी अॅज न्यू ड्रायव्हर', मग दुसरीकडे 'पेस्ट ड्रायव्हर'. तोही आत्ताचीच किंमत देतो. सीएचएफसारखं मागच्या फ्रेमचं विचारायचं तर थोडं पायथन लिहावं लागतं. इतिहास लागणारं काम, म्हणजे आपली नांदेडची पातळी, २०२३ साली ३.६ मध्ये आलेल्या सिम्युलेशन नोड्सनी करता येतं, पण चॉपइतकं सरळ नाही.

टचडिझायनर हुदिनीच्याच घरातलं. हुदिनी बनवणाऱ्या साइडएफएक्सच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे डेरिव्हेटिव्ह ही कंपनी काढली, तिचं हे सॉफ्टवेअर. म्हणून तिथेही चॉप आहे आणि चॅनेल आणायला सिलेक्ट चॉप आहे. चॅनेल ओढून पॅरामीटरवर सोडलं की ते विचारतंच, रेफरन्स हवा का एक्स्पोर्ट. एक्स्प्रेशन, एक्स्पोर्ट आणि बाइंड (दोन्ही बाजूंनी जोडणं) यांचे रंग वेगळे असल्याने कोण कुणाला धरून बसलंय ते लगेच दिसतं. ही गोष्ट मला हुदिनीपेक्षा तिथे आवडते. गणपतीच्या आराशीत ढोलाच्या आवाजावर दिवे नाचवायचे, अशा थेट कामाला ते घ्यावं. रेंडर करून फिल्म द्यायची असेल तर हुदिनी.

पैशाचं एक सांगून ठेवते. हुदिनीची अप्रेंटिस आवृत्ती मोफत आहे, पण ती पैसे घेऊन करायच्या कामासाठी नाही. रेंडरवर खूण येते आणि सीन वेगळ्या, बिगर-व्यावसायिक साच्यात साठतो. मित्राच्या अप्रेंटिसमधला नोड स्वतःच्या व्यावसायिक सीनमध्ये आणलास तर तुझा सीनही त्या पातळीवर उतरतो. चॅनेल हवं असेल तर मित्राकडून सीन घेऊ नकोस.

माजलगावला मी पाठवलेलं उत्तर शेवटी असं: दरवाजांना नल नोड आणि सीएचएफ. अडकणाऱ्या दरवाजाला कॉपी, आणि त्या नोडवर तसं लिहिलेली टीप. विसर्गाची बेरीज आणि नांदेडची पातळी चॉपमध्ये, परत आणताना चॉप फंक्शनने वाचून. पातळीची ओळ पक्की झाली की ती बीक्लिपमध्ये लिहून पुढचं रेंडर त्या फाइलवरून. आणि रेंडर लावण्याआधी फ्रेम १ आणि शेवटची फ्रेम उघडून सातवा नि बारावा दरवाजा माझ्यासाठी बघ.